असिसीचा उतार

इटलीतल्या असिसीला रेल्वेनं जाणारा माणूस प्रत्यक्षात असिसीत उतरत नाही. स्टेशन खाली सपाटीवर, सांता मारिया देली आंजेली या वस्तीत आहे. गाव समोरच्या सुबासियो डोंगराच्या अंगावर, त्याच डोंगराच्या गुलाबी-पांढऱ्या दगडात बांधलेलं, चारेक किलोमीटरवर. स्टेशनाबाहेर आलं की नजर आपोआप वर जाते, कारण गावाच्या टोकाला कमानदार आधारभिंतींवर उभी असलेली संत फ्रान्सिसची बॅसिलिका सगळ्या खोऱ्यावर नजर ठेवून असते. पाय बसकडे वळतात. फ्रान्सिस मात्र आयुष्यभर याच्या उलट दिशेनं चालला. कापडाचा व्यापार करणाऱ्या त्याच्या बापाचं घर वर, गावात. त्यानं स्वतःच्या हातांनी डागडुजी केलेलं सान दामियानोचं पडकं प्रार्थनाघर वेशीबाहेर उताराला, ऑलिव्हच्या झाडांत. कुष्ठरोग्यांची वस्ती खाली, पहिल्या सोबत्यांसह तो राहिला ती रिव्होतोर्तोची झोपडी खाली, आणि मरायला त्यानं निवडलेली जागाही खालीच. ख्रिस्ती श्रद्धेतल्या नम्रतेविषयी मला जे म्हणायचं आहे ते या उतारावर जणू नकाशासारखं मांडलेलं आहे. नम्रता म्हणजे स्वतःला तुच्छ लेखणं, असा अर्थ देवळात जाणारे आणि न जाणारे दोघंही सर्रास घेतात. तो मला चुकीचा वाटतो. देवाच्या सृष्टीत आपली जागा कुठली हे ओळखून तिथं जाऊन उभं राहणं, हा तिचा मूळ अर्थ आहे. ती जागा आपण समजतो त्यापेक्षा बरीच खाली आहे, आणि आपण समजतो त्यापेक्षा जास्त जोखमीची आहे.

म्हणून आधी खालचंच पाहावं. स्टेशनापासून थोडं चाललं की एक अवाढव्य चर्च लागतं. १५६९ मध्ये त्याचं काम सुरू झालं आणि पुरं व्हायला ११० वर्षं लागली. दारातून आत गेलं की त्या भव्य पोकळीच्या मधोमध, घुमटाच्या बरोबर खाली, एक दगडी खोली उभी दिसते. तिला उतरतं छप्पर आहे, लांबी सुमारे ७ मीटर, रुंदी सुमारे ४. हीच पोर्त्सिउंकोला. नावाचा अर्थच मुळी ‘जमिनीचा छोटासा तुकडा’. घरात घर असावं तसं चर्चच्या पोटात हे चर्च आहे. दर्शनी भिंतीवर नंतरच्या काळातलं रंगीत चित्र आहे, पण आतल्या भिंती उघड्या दगडांच्या, धुरानं आणि हातांनी काळवंडलेल्या. गवंड्यानं निवडून घडवलेले दगड हे नव्हेत. शेतातून वेचून आणून रचल्यासारखे लहानमोठे आहेत. १८३२ च्या भूकंपात बाहेरच्या मोठ्या चर्चचा मधला भाग कोसळला. घुमट आणि त्याखालची ही खोली तेवढी राहिली. या दृश्याकडे बोट दाखवून कुणीही म्हणेल की बघा, गरिबीची शपथ घेतलेल्या माणसाच्या झोपडीवर त्याच्या अनुयायांनी राजवाडा चढवला. आक्षेप खरा आहे, आणि तो फक्त संगमरवरापुरता नाही. त्याकडे पुढे यावंच लागेल. तूर्त एवढंच, की बाहेरच्या घुमटाला अर्थ आहे तो आतल्या खोलीमुळे, आणि तिथं येणारा प्रत्येक जण घुमटाखालून चालत जाऊन शेवटी त्या खोलीतच गुडघे टेकतो.

शब्दांपासून सुरुवात केली तर गोष्ट लवकर उलगडते. नम्रतेसाठी लॅटिनमध्ये असलेला ‘हुमिलितास’ हा शब्द ‘हुमुस’ म्हणजे मातीशी जोडलेला आहे. हिब्रूत तर माणसाचं नावच माती आहे: जमीन ती ‘अदामा’, तिच्यातून घडवला तो ‘आदाम’. बायबलातल्या ‘उत्पत्ती’च्या पहिल्या अध्यायात माणसाला स्वतःचा वेगळा दिवससुद्धा मिळालेला नाही. सहाव्या दिवशी गुरंढोरं, सरपटणारे जीव आणि रानातली जनावरं निर्माण होतात आणि त्याच दिवशी माणूसही होतो. त्याचं खाणं सांगितलं जातं ते धान्य आणि फळं. पशुपक्ष्यांनाही त्याच दमात हिरवा पाला नेमून दिला जातो. देव ‘चांगलं आहे’ असं म्हणतो ते माणूस येण्याच्या कितीतरी आधीपासून, उजेडाला, समुद्राला, माशांना पाहून. आणि सगळ्याचा कळस माणूस नाहीच. कळस आहे सातवा दिवस, विसाव्याचा, ज्या दिवशी कुणीच काही घडवत नाही. दुसऱ्या अध्यायात मातीचा गोळा करून त्यात श्वास फुंकला जातो आणि त्या माणसाला बागेत नेऊन ठेवलं जातं. बाग त्यानं लावलेली नाही. तिची मशागत करायला आणि तिची राखण करायला त्याला नेमलेलं आहे. शेती कसणाऱ्याला वहिवाट आणि मालकी यांतला फरक वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

इथंच सगळ्यात गाजलेला आक्षेप उभा राहतो. त्याच पहिल्या अध्यायात देव माणसाला पृथ्वी सत्तेखाली आणायला आणि प्राण्यांवर अधिकार चालवायला सांगतो, त्याचं काय? अमेरिकन इतिहासकार लिन व्हाइट यांनी १९६७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक छोटा निबंध लिहिला आणि पर्यावरणाच्या अरिष्टाचं मूळ याच शिकवणुकीत दाखवलं. सृष्टी माणसाच्या उपयोगासाठी आहे ही समजूत पाश्चात्त्य ख्रिस्ती धर्मानं रुजवली, झाडाझऱ्यांतली दैवतं हाकलून दिली आणि मग कुऱ्हाड चालवताना हात थरथरायचं कारण उरलं नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. हे परक्या माणसाचं बोलणं नव्हतं. व्हाइट स्वतः ख्रिस्ती होते. काही भाष्यकार त्या हिब्रू क्रियापदांना मऊ करून उत्तर देतात. मला ती पळवाट वाटते. शब्द कडकच आहेत, त्यांत राज्य करणं आहे, दाबून ठेवणंही आहे. पण राज्य करायचं म्हणजे काय, हे बायबलनं वाचकाच्या मर्जीवर सोडलेलं नाही. ७२ व्या स्तोत्रात तेच क्रियापद आदर्श राजासाठी येतं आणि त्या राजाचं काम सांगितलं आहे ते हाक मारणाऱ्या गरिबाला सोडवण्याचं. यहेज्केलाच्या ३४ व्या अध्यायात तेच क्रियापद वाईट मेंढपाळांसाठी येतं: त्यांनी दुबळ्या मेंढराला बळ दिलं नाही, मोडलेल्याला बांधलं नाही, कठोरपणे सत्ता गाजवली, म्हणून कळप त्यांच्या हातून काढून घेतला जाणार आहे. म्हणजे सत्ता दिली आहे हे खरं, पण हिशेब द्यावा लागेल अशी दिली आहे, आणि ती काढून घेतली जाऊ शकते. व्हाइट यांच्याशी माझं भांडण एवढंच, की त्यांनी शिकवणुकीचा गैरवापर अचूक ओळखला आणि त्यालाच शिकवणूक मानलं. तरी निबंधाच्या शेवटी पर्यावरण जपणाऱ्यांचा पाठीराखा संत म्हणून त्यांनी ज्याचं नाव सुचवलं तो फ्रान्सिस याच परंपरेतला, आणि १९७९ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी ते नाव अधिकृतपणे जाहीर केलं.

गावातून पूर्वेला सुबासियोच्या दाट रानात गेलं की कार्चेरीचा मठ लागतो. फ्रान्सिस आणि त्याचे सोबती एकांतासाठी इथल्या कपारींत येत. आतल्या वाटा दगडात कोरल्यासारख्या अरुंद आहेत आणि काही दारं इतकी बुटकी, की खांदे आवळून आणि मान खाली घालूनच पलीकडे जाता येतं. बाहेर घळीच्या कडेला एक फार जुनं ओकचं झाड लोखंडी टेकूंवर तोललेलं उभं आहे. फ्रान्सिसनं पाखरांशी बोलणं केलं ते या झाडापाशी, असं इथं सांगतात; जुने चरित्रकार मात्र तो प्रसंग खालच्या खोऱ्यात, बेव्हान्याजवळ घडल्याचं लिहितात. या रानात बसल्यावर बायबलातला ईयोब आठवतो. ईयोब दुःखानं पिचलेला आहे आणि देवाकडे न्याय मागतो आहे. ३८ व्या अध्यायापासून देव वावटळीतून बोलू लागतो, आणि ईयोबाच्या दुःखाचं कारण सांगायचं सोडून त्याला सृष्टीभर फिरवतो. जिथं माणूस फिरकत नाही अशा ओसाड रानावर पाऊस कोण पाडतो? डोंगरातली रानशेळी कधी विते? रानगाढवाला मोकळं कुणी सोडलं? धर्मग्रंथात याहून माणसाला बाजूला सारणारं लिखाण मला ठाऊक नाही. तो पाऊस कुणाच्या शेताला नाही, कुणाच्या धरणात नाही, आणि तरी देवाला त्याचं अगत्य आहे. १०४ व्या स्तोत्रात हेच शांतपणे येतं. रात्री सिंह शिकारीला निघतात, सूर्य उगवला की गुहेत परततात आणि मग माणूस कामाला बाहेर पडतो. एकाच जागेच्या दोन पाळ्या आहेत आणि एक पाळी माणसाची. बुटक्या दारातून शिरताना कुणी आपल्याला लहान करत नाही. आपण जेवढे आहोत तेवढंच ते दार मोजतं.

सान दामियानोला गावातून ऑलिव्हच्या झाडांतून उतरत जावं लागतं. प्रार्थनाघर ठेंगणं आहे, आत उजेड कमी. वर फ्रान्सिसची अनुयायी क्लेअर आणि तिच्या सोबतिणींची निजण्याची खोली आहे, खाली त्यांचं जेवणघर, बाकं वापरून गुळगुळीत झालेली. क्लेअर १२५३ मध्ये इथंच वारली. १२२५ च्या सुमारास फ्रान्सिस इथं आजारी होऊन आला होता. डोळे जवळजवळ गेलेले, उजेड सहन होत नव्हता. त्या अवस्थेत त्यानं त्याचं सृष्टिगीत रचलं, लॅटिनमध्ये नव्हे, उम्ब्रियाच्या लोकांच्या बोलीत. इटालियन साहित्याची सुरुवात सांगताना त्याचं नाव घ्यावंच लागतं. त्यात सूर्याला तो भाऊ म्हणतो, चंद्र आणि चांदण्यांना बहिणी, वारा भाऊ, पाणी बहीण, अग्नी भाऊ, आणि भूमी ही बहीणही आणि आईही. मराठी वाचकाला इथं तुकोबांनी झाडावेलींशी सांगितलेली सोयरीक आठवणारच, आणि ती आठवण योग्यच आहे. फक्त फ्रान्सिसच्या नात्याची रीत ध्यानात घ्यायला हवी. सूर्य हा देव आहे असं तो म्हणत नाही. सूर्याला आणि मला घडवणारा एकच, म्हणून आम्ही भावंडं. नातं बापाकडून येतं. त्यामुळे सूर्याची पूजा करायचं कारण उरत नाही आणि पाण्याला नुसता माल समजायची मुभाही राहत नाही.

या गीतातली एक गोष्ट नीट वाचल्याखेरीज लक्षात येत नाही. त्यात एकही प्राणी नाही. पाखरांशी बोलणारा, वाटेवरचा किडा पायाखाली येऊ नये म्हणून उचलून कडेला ठेवणारा माणूस सूर्य, वारा, पाणी, विस्तव, फळंफुलं या सगळ्यांची नावं घेतो आणि पाखरांचं घेत नाही. माणूसही फार उशिरा येतो. गीताच्या आरंभीच कबुली आहे, की देवाचं नाव घेण्याची कुणा माणसाची योग्यता नाही. एदेन बागेत आदामानं सगळ्या जनावरांना नावं दिली होती. इथं नावं देणाऱ्याचीच जीभ अडखळते. आणि शेवटी माणूस आत येतो तो बुद्धी, भाषा किंवा सत्ता यांच्या जोरावर नाही. क्षमा करणारा आणि आजार-दुःख शांतपणे सोसणारा म्हणून येतो. असिसीचा बिशप आणि नगराचा प्रमुख यांचं वैर मिटावं म्हणून क्षमेचं कडवं मागाहून जोडलं, असं जुनी चरित्रं सांगतात. सूर्यानं तापावं, पाण्यानं वाहावं, एवढ्यानं त्यांची स्तुती पुरी होते. माणसाला ती पुरी करायची तर भांडण सोडावं लागतं. सृष्टीतलं माणसाचं वेगळेपण कशात, याचं इतकं नेमकं उत्तर जाडजूड ग्रंथांतही मला सापडलेलं नाही.

पण नम्रता कुणाला शिकवायची, हा प्रश्न महाराष्ट्रात वाढलेल्या कुणालाही टाळता येणार नाही. ज्यांची मान पिढ्यान्पिढ्या वाकवून ठेवली त्यांना वाकायला सांगणं म्हणजे जखमेवर मीठ. हा आक्षेप मला लिन व्हाइट यांच्या आक्षेपाहून जड वाटतो. त्याचं उत्तर असिसीच्या इतिहासात आहे. त्या काळी गावात ‘मायोरेस’ आणि ‘मिनोरेस’, म्हणजे थोर आणि लहान, अशी उघड विभागणी होती आणि त्यावरून रक्तही सांडलं होतं. फ्रान्सिसनं आपल्या बंधूंना नाव दिलं ‘फ्रात्रेस मिनोरेस’, लहान बंधू. तो पैसेवाल्या घरातला होता, युद्धात लढलेला होता. लहानांना त्यानं आणखी लहान व्हायला सांगितलं नाही. तो स्वतः त्यांच्यात जाऊन राहिला. पौलानं फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात ख्रिस्ताविषयी हेच येतं: देवाच्या बरोबरीला धरून न बसता त्यानं स्वतःला रिकामं केलं आणि दासाचं रूप घेतलं. ज्याच्याकडे सोडण्यासारखं काही आहे त्याचं हे व्रत. म्हणून ते जसं सावकाराला लागू आहे, तसंच इतर प्राणिमात्रांच्या संदर्भात सबंध मनुष्यजातीला लागू आहे, कारण जंगल, नदी आणि जनावरं यांच्यासमोर ‘थोर’ आपणच आहोत.

राहिला राजवाड्याचा आक्षेप, आणि त्याचा सगळ्यात बोचरा पुरावा इटलीत नसून आपल्याकडे आहे. पोर्तुगिजांच्या मागोमाग फ्रान्सिसचेच अनुयायी सोळाव्या शतकात वसई-साष्टीत आले. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वरचं शैव लेणं त्यांनी ताब्यात घेतलं आणि त्याचं चर्च केलं. लहान बंधू म्हणवणारे लोक राज्यकर्त्यांच्या जहाजातून उतरले की काय होतं ते त्या लेण्यात कोरलेल्या क्रूसावरून दिसतं. त्याची सफाई देऊ नये. एवढं मात्र म्हणेन, की त्यांना दोषी ठरवायला बाहेरून माप आणावं लागत नाही. त्यांच्या स्वतःच्या गुरूचं माप लावलं की पुरे. आणि तेच माप त्याच मातीत वेगळंही उगवलं. वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया हा फ्रान्सिसच्याच संघाचा साधा बंधू होता, धर्मगुरूही नव्हे. १५९७ मध्ये नागासाकीत त्याला क्रुसावर मारलं गेलं आणि १८६२ मध्ये चर्चनं त्याला संत मानलं. विसाव्या शतकाच्या अखेरीस वसईतल्या विहिरी आणि वाड्या बिल्डरांच्या आणि टँकरवाल्यांच्या घशात जाऊ लागल्या तेव्हा ‘हरित वसई’ चळवळीत पुढे उभे राहिलेल्या धर्मगुरूंचं नावही फ्रान्सिसच होतं: फादर फ्रान्सिस दिब्रिटो. केळीच्या बागेतलं पाणी वाचवणं हा त्यांना धर्माच्या बाहेरचा उद्योग वाटला नाही.

शेवटचा आक्षेप उलट बाजूनं येतो. माणूस जर भावंडांतला एक, तर जबाबदारी एकट्यावर का? मुंगीला कुणी जाब विचारत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये लिहिलेल्या आणि सृष्टिगीतातल्याच शब्दांवरून नाव घेतलेल्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात दोन्ही टोकं नाकारली आहेत: माणूस मालक असल्याचा गर्वही आणि माणूस म्हणजे इतरांसारखाच एक जीव, हे म्हणणंही. कारण ज्याला विशेष किंमत नाही त्याच्याकडून विशेष अपेक्षाही ठेवता येत नाही. ८ व्या स्तोत्रातला माणूस चांदण्यांपुढं कःपदार्थ आहे आणि तरी त्याच्या डोक्यावर मुकुट आहे. हे कसं जमायचं, याचं व्यवहारातलं चित्र फ्रान्सिसच्या जुन्या चरित्रात आहे. लाकूड तोडणाऱ्या बंधूला तो सांगे, झाड मुळापासून घालवू नको, पुन्हा फुटेल असं ठेव. बागवान बंधूला सांगे, सगळ्या जमिनीत भाजी लावू नको, कडेची पट्टी मोकळी सोड, तिथं आपोआप उगवणारं गवत आणि फुलं राहू देत. आपल्याकडे शेताच्या बांधाला हे स्थान होतं. आता बांध कोरून सरी वाढवण्याची घाई असते. ती मोकळी पट्टी म्हणजे ईयोबाच्या ओसाड रानावरचा पाऊस. माणसाच्या हातात कुदळ आहे, पट्टी खणण्याची ताकद आहे, म्हणूनच ती सोडून देणं फक्त त्यालाच जमू शकतं.

परतीच्या गाडीआधी पुन्हा सपाटीवरच यावं लागतं. पोर्त्सिउंकोलापासून काही पावलांवर, त्याच मोठ्या चर्चच्या आत, आजारी बंधूंच्या खोलीची उरलेली जागा आहे. ३ ऑक्टोबर १२२६ च्या संध्याकाळी फ्रान्सिस तिथं वारला. अंगावरचं काढून आपल्याला उघड्या जमिनीवर निजवायला त्यानं सांगितलं होतं, आणि सृष्टिगीताला शेवटचं कडवं जोडलं होतं ते मरणाला बहीण म्हणणारं. चंडोल त्याला फार आवडत: मातीच्या रंगाची पिसं, डोक्यावर बंधूंच्या टोपीसारखा तुरा, वाटेवर दाणे टिपत फिरणारं पाखरू. चंडोलाला उजेड प्रिय, अंधारलं की तो उडत नाही, असं जुने चरित्रकार लिहितात. आणि लगेच पुढं नोंदवतात, की त्या संध्याकाळी दिवस मावळल्यावर चंडोलांचा मोठा थवा आला आणि त्या छपरावर गात बराच वेळ घिरट्या घालत राहिला.